वर्षभरात शिकवायची एक गोष्ट

बोथ गावच्या विशेष मुलांच्या केंद्रात शाळा उघडली की प्रत्येक मुलासाठी वर्षभराची वेगळी योजना ठरते. मुलानं यंदा काय शिकावं, हे मॅडम आईबापांनाच विचारतात. मी मुलाला मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या आधी जवळच्या खेड्यातली एक बाई होती आणि तिची दहाएक वर्षांची हसरी मुलगी. बोलायच्या आधी बाई पदर तोंडावर धरायची, मग जे बोलायची ते अख्ख्या खोलीला ऐकू जायचं.

"मॅडम, हिले थोडं खोटं बोलाले शिकवा."

"काऊन बाई?"

"ही समदं खरंच सांगून राह्यली ना! काल सासूनं हिले इचारलं, 'मी केलेली अंबाडीची भाजी कुठं गेली?' तं ही म्हणते, मायनं कोंबड्यायले टाकली. आता मी घरात राहू कशी?"

मॅडमनी हसू दाबलं. "ते आमी शिकवत नाही. बरं, सुट्टीत घरी रंगवाले दिलेलं चित्र दाखवा."

चित्र सुरेख रंगवलेलं होतं. रेषेबाहेर ठिपकासुद्धा नव्हता.

"कोणी रंगवलं गं?"

"मायनं," मुलगी आनंदानं म्हणाली.

"पाहा!" बाईनं पदर सोडून कपाळावर हात मारला. "म्हून तं म्हणून राह्यली!"

सगळे हसले. मुलगी सगळ्यांत जास्त हसली.

मग माझी पाळी आली. माझा मुलगा सात वर्षांचा झालाय, अजून एक शब्द बोललेला नाही. घरून बरंच काही ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो.

"मॅडम," मी म्हणालो, "हा खोटं बोलला तरी चालते मले."