अक्का दारावर बसल्या

अनसूयाअक्का कुणालाही माफ करीत नसत. धुळ्याकडच्या कुठल्याशा लग्नात जावेने पंगतीत त्यांना मांडे वाढले नव्हते. त्या जावेची नातवंडं लग्नाला आली तरी अक्कांचा राग ताजाच होता. "देव इसरी जास, मी इसरस नही," असं त्या भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे सांगत. नशिराबादजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात मी सिस्टर होते. असल्या डूख धरणाऱ्या बाईशी माझं जमायचं, कारण मीही त्यातलीच.

आश्रमातलेच गफूरभाई भुसावळचे, जन्म शिलाई मशीनवर गेलेला. जेवण झालं की दोघं ओसरीवर भांडायची. चोळी काखेत आवळते म्हणून अक्का त्यांचा उद्धार करायच्या आणि पुढची चोळीही त्यांच्याकडेच शिवायला टाकायच्या.

अशाच एका दुपारी बोलता बोलता गफूरभाईंचं तोंड वाकडं झालं, हातातला कप सुटला. लकवा होता. ॲम्ब्युलन्स बोलवा, म्हणून मी ओरडले. व्यवस्थापक साहेब म्हणाले, आधी मुलाला विचारू. आमच्याकडे तशी रीतच पडली होती. नातलगांचा होकार आल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं नाही, मागाहून कटकट नको. मुलगा सुरतेला, फोन उचलेना. साहेब पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. शेवटी त्यांना न जुमानता मीच ॲम्ब्युलन्स बोलावली, पण तोवर गफूरभाईंची शुद्ध गेली होती. दुसऱ्या दिवशी जळगावच्या दवाखान्यात ते वारले.

आमच्या खानदेशात कुणी गेलं की बायका त्या घरी दारावर बसायला जातात. दारावर आलेल्या बाईला ऊठ म्हणायची कुणाची छाती होत नाही. दफन झालं आणि सकाळी अक्का डोक्यावरून पदर घेऊन थेट साहेबांच्या केबिनच्या दारात बसल्या. मग रोजच बसू लागल्या. भेटीला आलेल्या लेकीसुना रिवाजाप्रमाणे शेजारी टेकत, कोण गेलं म्हणून विचारत. अक्का आत बोट दाखवून सगळं सांगत. आईबापांना ठेवायला आलेले लोक तिथूनच माघारी फिरत. साहेबांनी हात जोडले, चूक कबूल केली. अक्कांनी तोंड फिरवलं. मला असा काही आनंद झाला की त्यांचा चहा मी तिथेच नेऊन देऊ लागले.

अखेर विश्वस्तांनी रीत बदलली. आधी ॲम्ब्युलन्स, मग फोन. मी म्हटलं, अक्का, आता तरी उठा.

"रीत बदलनी," त्या म्हणाल्या. "गफूरभाई परत उना का?"

पुढे अक्कांच्याच छातीत कळ आली. साहेबांनी कुणालाही न विचारता ॲम्ब्युलन्स मागवली आणि सलाईनची बाटली धरून स्वतः आमच्याबरोबर बसले. त्यांचे डोळे भरले होते.

"अक्का, या वेळी मी उशीर केला नाही."

अक्कांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "मंग गफूरभाईले काबर नही?"

दवाखान्याच्या फाटकापाशीच त्या गेल्या. नंतर बाहेरच्या बाकावर साहेब माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, तुम्ही त्यांच्या जवळच्या, मनातून तरी त्यांनी मला माफ केलं असेल का? मी एक शब्द खोटा बोलले असते, तर त्या माणसाला झोप लागली असती.

मी म्हणाले, "नाही."