सुई कोणाची

आमच्या गिरगावच्या चाळीला मागच्या बाजूनं एक लोखंडी जिना आहे. पूर्वी संडास साफ करणाऱ्यांनी त्याच जिन्यानं वर यायचं, असा दंडक होता. माझ्या आजेसासऱ्यांनी भांडून तो मोडला आणि सफाईवाल्या बाईला पुढच्या जिन्यानं घरात आणून चहा पाजला. ही गोष्ट मी शाळेत मुलांना सांगितली, चाळीच्या गणपतीत सांगितली. सुनेला तर ती तोंडपाठ झाली आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी आमचा कचरा नेणारी बाई चौकात उभी राहून वर बघत विचारत होती, "सुई कोणाची हाय?"

आदल्या दिवशी पिशवी उचलताना फाटक्या हातमोज्यातून सुई तिच्या बोटात घुसली होती. दवाखान्यात तिला एड्सची लागण होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. ज्याची सुई, त्याचं रक्त तपासून चांगलं निघालं, तर बंद करता येतील म्हणाले होते.

सुई माझी होती, इन्सुलिनची. टोपण न लावता कचऱ्यात टाकायचा आळस माझाच. गॅलरीतून एकेक जण "आमची नव्हे" म्हणत होता. तिची नजर माझ्याकडे वळायच्या आत मी दूध बघायला घरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

दोन दिवस मी गॅलरीत जायचं टाळलं. लोक काय म्हणतील याची धास्ती होतीच, पण पूर्वी एका ऑपरेशनच्या वेळी मला रक्त चढवलं होतं, त्यातून काही आलं असेल तर? तिला दोन लहान मुली. गोळ्यांनी तिला उलट्या होत होत्या, तरी ती कामावर येत होती.

तिसऱ्या दिवशी ती मागच्या जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेली दिसली. मी खाली गेले. म्हटलं, "सुई माझी होती. चल, माझं रक्त तपासून घेऊ."

ती नुसती उठली आणि पदर खोचून चालू लागली.

दुपारी रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या थांबवल्या. परत येताना, सुई माझी निघाली याचं तिच्या चेहऱ्यावर मला काहीच नवल दिसेना, म्हणून मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"रोज तुमचा कचरा उचलते बाई. पिशवी वळखत नाय काय?"

"मग दारात येऊन का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाय म्हणाला असता. मग माझं कोणी खरं मानलं असतं?"

मी नाहीच म्हणाले असते.