म्हाताऱ्याबरोबरची फेरी

आज सकाळी मी आमच्या गोलकीपरला संघातून काढलं. वय चौतीस, दोन लेकरं, खडकीतच राहतो, आणि गेली आठ वर्षं आमच्या छोट्याशा क्लबचा गोल त्यानेच सांभाळला. सराव सुरू व्हायच्या आधी मी त्याला म्हटलं, "चल, एक फेरी मारू." त्याचा चेहरा पडला. या वाक्याचा अर्थ आमच्या मैदानावर सगळ्यांना माहीत आहे. मैदानाच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मी त्याला सांगून टाकलं, की आता तुझी झेप कमी पडते, पुढच्या सामन्यापासून दुसरा उभा राहील. रेल्वेच्या बाजूची भिंत आली. मग तो म्हणाला, "कोच, निदान तोंडावर तरी सांगितलंत. दुसरीकडं असतो तर यादी वाचून कळलं असतं."

मी सराव घेतला. घरी आलो, गुडघ्याला शेक घेत बसलो. बायकोने विचारलं, काय झालं, तर सांगायचाही कंटाळा आला. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला निदान सकाळी तरी शिळं वाटू नये, पण हल्ली वाटतं.

ही फेरीची पद्धत माझी नाही. ती मी एका स्कॉटिश म्हाताऱ्याकडून उचलली, आणि ती उचलायचा मला काडीचाही हक्क नव्हता.

माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. लष्कराची वस्ती असल्यामुळे आमच्याकडे फुटबॉल होता. नदी ओलांडून पेठांमध्ये गेलं की क्रिकेट. वडिलांनी घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली मला बसवून शिकायला लावलं आणि मी खिडकीतून मैदान बघत बसलो. पुढे मधल्या फळीत बरा खेळलो, गुडघा गेला, प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या, आणि शहरात एक मोठा व्यावसायिक क्लब निघाला तेव्हा तिथे सहायक कोच म्हणून लागलो. सहायक म्हणजे काय, तर जाळ्या बांधा, सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडा आणि परदेशी कोच काय म्हणाला ते पोरांना समजावून सांगा. परदेशी कोच दरवर्षी नवा यायचा. चौथा आला तो हा म्हातारा.

त्याला मी अहो-जाहो करत नाही. इंग्रजीत ते जमत नव्हतं, आणि आता मराठीत करावंसं वाटत नाही. तो माणूस अरे-तुरेतलाच होता.

साठीचा, बुटका, लाल मानेचा. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा बंदराच्या गावचा, बाप गोदीत कामाला. सतराव्या वर्षी तो गावच्या क्लबात डावा बचावपटू म्हणून लागला आणि चौदा वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या क्लबांतून खेळला. मोठ्या सामन्यात एकदाच उतरला, तोही शेवटची काही मिनिटं. मग त्याचाही गुडघा गेला. मग व्यवस्थापक झाला, म्हणजे आपल्या भाषेत संघाचा मुख्य कोचच म्हणा, आणि तेव्हापासून त्याची हकालपट्टी सुरू झाली. सहा क्लबांनी त्याला काढलं होतं. सरावानंतर पायरीवर बसून माझ्या डब्यातले पोहे खाता खाता तो त्या सहा गोष्टी सांगायचा. एका ठिकाणी त्याला रेडिओवरच्या बातम्यांत कळलं. एका ठिकाणी गाडी लावायच्या जागेवरची त्याच्या नावाची पाटी सकाळी गायब होती. एका ठिकाणी बायकोला फोन आला, तो बाथरूममध्ये होता म्हणून निरोप तिच्याकडे ठेवला. गरज सरो वैद्य मरो, हे मी त्याला इंग्रजीत समजावून दिलं, तेव्हा तो म्हणाला की आमच्याकडे वैद्याला आपण मेल्याचं रेडिओवरून कळतं.

म्हणून त्याने स्वतःपुरता नियम केला होता. ज्याला संघातून काढायचं, त्याला यादी लावायच्या आधी स्वतः सांगायचं, आणि बसून नाही, चालत. मैदानाला एक पूर्ण फेरी. पहिल्या कोपऱ्याच्या आत वाईट बातमी. पलीकडच्या लांब बाजूला त्या खेळाडूने रडावं, चिडावं, शिव्या द्याव्यात, म्हातारा ऐकून घ्यायचा. तिसऱ्या कोपऱ्यानंतर काय सुधारायचं ते सांगायचा. गेटपाशी हात मिळवायचा. डाव्या गुडघ्यात धातूची पट्टी होती, त्यामुळे तो पाय ओढत चालायचा आणि फेरी झाली की दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा राहायचा. पोरं खवचट. सकाळी एकमेकांना विचारायची, "आज कुणाला चक्कर येणार?" पण ज्याला यायची, तो नंतर त्याच्याविरुद्ध अवाक्षर बोलायचा नाही. दोन वर्षांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही हरायला लागलो. एका बुधवारी दुपारी मला क्लबच्या ऑफिसात बोलावलं. ऑफिस सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे बसणारे गृहस्थ क्लबचा कारभार बघायचे. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नसेल. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "फुटबॉल ठीक आहे, पण आपण करता काय?" त्या दिवशी मात्र त्यांनी मला खुर्ची दिली.

"शनिवारचा सामना झाला की या कोचना निरोप देतोय," ते म्हणाले. "रविवारपासून संघ आपण बघायचा. हंगाम संपेपर्यंत. जमेल ना?"

"त्यांना माहीत आहे का?"

"रविवारी मेल जाईल. तोवर आपण बोलायचं नाही. नाहीतरी दोन वर्षं आपण त्यांचंच बोलणं बोलताय. चार दिवस तोंडाला विश्रांती."

मी म्हणालो, "बरं."

आता नाटक कशाला करू, मला ती जागा हवी होती. पाच वर्षं मी दुसऱ्याचे कोन मांडत होतो. जिना उतरताना गुडघा दुखला नाही, हे मला स्पष्ट आठवतं. वाईट वाटलं ते खडकीला पोचेपर्यंत, आणि तेही थोडंसंच.

त्या संध्याकाळी सरावाला मी त्याच्याशी नेहमीसारखाच वागलो, निदान मला तसं वाटलं.

गुरुवारी सकाळी पोचलो, तर म्हातारा माझ्याआधी अर्धा तास येऊन उभा. कधी न येणारा. मला बघून म्हणाला, "चल, एक फेरी मारू."

 दोन वर्षं ज्या माणसाला बघत होतो, त्याच्या तोंडून हे वाक्य आलं की पुढे काय होतं ते मला पाठ होतं. मला वाटलं, याला सगळं कळलंय आणि जायच्या आधी हा मला काढतोय. त्याच्या हातात अजून तीन दिवस होते, तो मला सहज काढू शकला असता. मी म्हणालो, "कोच, कोन मांडायचेत." तो म्हणाला, "ठीक आहे." आणि माझ्याबरोबर कोन मांडायला लागला. एकेका कोनासाठी तो पट्टीचा गुडघा धरून वाकायचा, ठेवायचा, पुन्हा सरळ व्हायचा. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. 

शुक्रवारी पुन्हा लवकर. पुन्हा, "चल, एक फेरी." मी गोलची जाळी फाटल्याचं सांगितलं. जाळी खरंच फाटली होती, पण महिनाभर फाटलेली होती. तो जाळीजवळ येऊन थोडा वेळ उभा राहिला, मग पायरीवर जाऊन बसला. डबा मी तसाच परत नेला, पोहे द्यायचं धैर्य झालं नाही. बायकोने विचारलं, "त्यांनी खाल्ले नाहीत?" म्हटलं, भूक नव्हती त्यांना.

शनिवारी सामन्याच्या सकाळी तो गेटवरच होता. यावेळी त्याने नुसतं मैदानाकडे बोट केलं. मी म्हणालो, "बस आलीय." बस यायला वीस मिनिटं होती. सामना आम्ही हरलो. परतताना बसमध्ये, दोन वर्षं माझ्या घरी येऊन जेवलेल्या माणसाच्या पुढच्या सीटवर बसून मी रविवारची यादी मनात जुळवत होतो.

रविवारी सकाळी मेल गेला. दहाच्या सुमाराला म्हातारा आपले बूट आणि शिट्टी न्यायला मैदानावर आला. मी एकटाच होतो. त्याने बूट पिशवीत टाकले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता तरी चल." यावेळी मला कारण सुचलं नाही.

पहिल्या कोपऱ्याच्या आत तो म्हणाला, "तर मी गेलो. सातवा क्लब." मग लांब बाजूला त्याने मला एकेका खेळाडूचं सांगितलं. कुणाला ओरडलेलं चालतं, कुणाला नाही. कुणाच्या आईचं डायलिसिस चालू आहे, म्हणून सोमवारी त्याला उशीर झाला तर बोलायचं नाही. मी ऐकत होतो आणि वाट बघत होतो की हा आता मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या कोपऱ्यावर तो थांबला. फेरीत तो कधी थांबायचा नाही.

"बुधवारी संध्याकाळी तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा. मला तेव्हाच कळलं. काढायच्या आधी लोक एकदम प्रेमाने वागायला लागतात. प्रत्येक क्लबात तसंच झालं."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांच्याकडून कळायची मला सवय आहे. यावेळी तुझ्याकडून कळावं असं वाटत होतं. म्हणून तीन दिवस लवकर आलो."

उरलेली बाजू आम्ही चाललो. गेटपाशी मी म्हणालो, "कोच, माझं चुकलं." तो म्हणाला, "हो." हात मिळवला, माझ्याकडून पिशवी घेतली, पोह्यांबद्दल माझ्या बायकोचे आभार मानायला सांगितलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षात पाय आधी आत ओढून घेऊन बसला.

तो हंगाम मी कसाबसा काढला. संपल्यावर मला मोबाईलवर दोन ओळींचा निरोप आला, त्यात माझं नावही नव्हतं. राग आला नाही. वर्षभरात तो क्लबही दुसऱ्या शहरात गेला. म्हाताऱ्याबद्दल एकदा एका जुन्या खेळाडूकडून कळलं, की तो गावच्या मैदानावर गवताची देखभाल करतो. मी पत्र लिहायला दोनदा बसलो. पहिल्याच ओळीत गुडघ्याची चौकशी आली, म्हणून फाडून टाकलं.

आता खडकीतल्या या क्लबात ज्याला काढायचं असेल त्याला मी फेरीला नेतो, आणि पहिल्या कोपऱ्याच्या आत सांगून टाकतो. लोकांना वाटतं, कोच सरळ माणूस आहे. गोलकीपरलाही आज तेच वाटलं. सरळ असतो, तर त्या गुरुवारी कोन तसेच पडू दिले असते.