गढीचं मोठं दार

मिरजगावात हमरस्त्याच्या कडेला भीमाचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि भिंतीला टांगलेली जुनी टायरं. माणूस कामाला चोख, हे गावानं कबूल केलेलं होतं. पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी चांगलं चालतं दुकान बंद ठेवून हा सायकलवर टांग टाकून कुठं निघतो, हे काही गावाच्या पचनी पडत नव्हतं. त्याला किल्ले बघायचा नाद होता. खर्डा झाला, पेडगाव झालं, नगरजवळचा चांदबिबीचा महाल तर दोनदा झाला. सायकल झाडाला टेकवायची, तटाच्या कडेनं हिंडायचं, सावलीत भाकरी खायची आणि दिवेलागणीला घरी. टपरीवरचं कुणीतरी हटकायचंच, "काय भीमा, आज कुठला किल्ला घेतला?"

"घेतला न्हाई, बघून परत दिला," भीमा म्हणायचा आणि पुढं जायचा.

राजे-सरदारांच्या गोष्टींपेक्षा त्याचा जीव दारांत जास्त रमायचा. एवढं वजनाचं दार नुसत्या लाकडी खुंट्यावर कसं फिरत असेल, खालच्या दगडी खळग्याला तेल कोण घालत असेल, असले प्रश्न त्याला पडायचे. धंदाच तो, त्याला कोण काय करणार.

घरी बायको छबूबाई आणि वडील सहादेवआबा. आबा पंच्याहत्तरीचे, ताडमाड उंच आणि तितकेच ताठ. छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा त्यांनी मनाशी एक गाठ मारली होती, की बुद्ध आणि बाबासाहेब सोडून कुणापुढं मान वाकवायची नाही. माणसापुढं तर नाहीच, पण वस्तूपुढंही नाही. घर बांधताना सुतारानं चौकट नेहमीच्या मापाची आणली, ती त्यांनी परत पाठवली. नवी चौकट एवढी उंच झाली की लोक विचारायचे, उंट पाळायचा विचार आहे का. आबांना त्या थट्टेचं काहीच वाटत नसे. आपण आपल्या घरात ताठ मानेनं शिरतो, एवढं त्यांना पुरे होतं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर आबांच्या डोळ्यांचं खरं काय ते कळलं. काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यातलं उरलंसुरलंही हळूहळू जाईल आणि गेलेलं परत येणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. एक दिवस भीमा खर्ड्याहून आला, पायावर पाणी घेत होता, तेव्हा आबा ओट्यावरून म्हणाले, "जग हिंडतोस. आपली गढी बघितली का कधी?"

सीनेपलीकडच्या गावात ती गढी होती. आबांचे आजोबा तिथं येसकर होते. रात्रभर दाराबाहेरच्या ओट्यावर बसून त्यांनी गढी राखली. लहानपणी आबा त्यांची भाकरी घेऊन जायचे. भाकरी ओट्यावर ठेवायची आणि माघारी फिरायचं, कारण दाराच्या आत पाय टाकायची मुभा आजोबांनाच नव्हती, तिथं नातवाला कुठली असणार?

"आत काय हाय, ते एकदा बघायचंय," आबा म्हणाले. "दिसतंय तवर."

भीमाला स्वतःचीच लाज वाटली. अख्खा जिल्हा पालथा घातला आणि हे हाकेच्या अंतरावरचं राहून गेलं होतं.

पुढच्या सुट्टीला त्यानं कॅरिअरला गोधडी बांधली, वर आबांना बसवलं आणि सीना ओलांडली. गढीचे मालक पुण्याला असायचे. आत रंगनाथतात्या नावाचे गावातले शेतकरी जनावरांचा चारा ठेवत. तेच दाराशी भेटले.

"जय भीम, तात्या," भीमा म्हणाला.

"रामराम. गढी बघायला आला व्हय? या की, आत या."

मोठं दार बंद होतं. त्याच्या एका फळीत दिंडी होती, म्हणजे माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार. आबांनी चाचपून पाहिलं. दिंडीची वरची कड त्यांच्या छातीला लागत होती.

"वाकावं लागतंय," आबा म्हणाले.

"सगळेच वाकत्यात," रंगनाथतात्या म्हणाले. "मालक आले तरी वाकूनच येत्यात."

"त्यांचं त्यांना. मी न्हाई वाकनार."

भीमा वैतागला. "आबा, लाकूड हाय ते. त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय की. तू ये जाऊन."

भीमा दिंडीपुढं उभा राहिला. आजवर किती किल्ल्यांतल्या दिंड्यांतून तो वाकून गेला होता, आणि मनात कधी काही आलं नव्हतं. आज मात्र पाय उचलेना. बाप बाहेर उभा असताना आपण कुठल्या तोंडानं आत जायचं? त्यानं सायकल वळवली.

छबूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन दोघंबी दारातनंच माघारी आला? अवो, मग मोठं दार उघडा की. उघडायसाठीच केलंय ना ते?"

हे साधं बोलणं दारांच्या या दर्दी माणसाला सुचलं नव्हतं.

भीमानं जाऊन विचारलं, तर रंगनाथतात्यांनी आधी उडवूनच लावलं. मालकांच्या बहिणीच्या लग्नात उघडलं होतं, त्यानंतर त्या दाराला कुणी हात लावला नव्हता. आतून गुडघाभर माती साचली होती. शिवाय गाव काय म्हणेल, तेही होतंच. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण भीमाला ते ऐकू आलं. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं. गाडीभर कडबा बाहेर उतरवून, पेंढी पेंढी पाठीवर घेऊन, दिंडीतून वाकून आत न्यायचा, यात त्यांच्या कंबरेचं वाटोळं झालं होतं.

"दार उघडलं तर गाडी थेट आत यील की वो," ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "इतकी वर्सं मी काय झोपलो हुतो का?"

दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, म्हणजे माती काढायला आत जाणं भाग होतं. भीमा दिंडीतून वाकून आत गेला. बापाला वाकावं लागू नये म्हणून लेक वाकला, यात त्याला कमीपणा वाटला नाही, उलट बरंच वाटलं. मात्र आत जाऊन त्यानं मान वर करून पाहिलं. आत काहीच नव्हतं. पडक्या भिंती, माजलेली बाभळ, एक फुटकं दगडी टाकं आणि कडब्याची गंजी, बास.

त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. दोघांनी खोऱ्यानं माती ओढली, भीमानं खुंट्याच्या खळग्यात रॉकेल सोडलं, मग तेल पाजलं, पहारीनं दार इंच इंच हलवलं. घरी आलं की आबा विचारायचे, "कुठवर आलं?" आणि भीमा तोंड उघडायच्या आत हात वर करायचे, "आत काय हाय ते सांगू नको. माझं मी बघनार."

भीमाला हे सोसेना. "एवढी आस लावून बसलेत आणि आत नुस्ता कडबा हाय," तो छबूबाईला म्हणाला. "सांगून टाकू का?"

"तुमी नगा सांगू," ती म्हणाली. "बघू द्या त्यांचं त्यांना."

इकडं आबांची नजर उतरत चालली होती. आधी त्यांना भीमाच्या सदऱ्याच्या गुंड्या दिसायच्या. मग नुसता सदरा दिसायला लागला.

थंडी सरता सरता दाराची एक फळी मोकळी झाली. भीमा आणि रंगनाथतात्यांनी खांदा लावला आणि करकरत ती पार भिंतीला जाऊन टेकली. आबांनी टोपी नीट केली, उंबऱ्यावर पाय दिला आणि ताठ मानेनं आत गेले. रंगनाथतात्या बाजूला सरून उभे राहिले. आबा हळूहळू सगळीकडं फिरले. भिंतींना हात लावून पाहिला, टाक्यात डोकावले, कडब्याचा वास घेतला.

"बाकीचं कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"एवढंच हाय, आबा."

भीमाला वाटलं, आपण यांना आणायलाच नको होतं. मग आबा वळले आणि आले तसेच ताठ बाहेर पडले.

बाहेर दाराला लागून येसकराचा ओटा होता. बसणाऱ्याची पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडं, अशी ती जागा. वर्षानुवर्षं पाठ टेकून भिंतीचा एक दगड काळाभोर आणि गुळगुळीत झाला होता. आबांचा हात चाचपत त्या दगडावर आला आणि तिथंच थांबला. मग भीमाच्या देखत ते खाली वाकले. पार कंबरेतून वाकले आणि दगडाला कपाळ टेकून काहीतरी पुटपुटले. भीमानं वडिलांची वाकलेली मान आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्याचे डोळे भरून आले. रंगनाथतात्यांना दिसू नये म्हणून तो उगाच सायकलची चेन बघत बसला.

परतताना त्यांनी सीना ओलांडली. चढ लागला तशी त्यानं आबांना उतरवलं, आणि सायकल हातात धरून दोघं चालायला लागले.

"आबा, मघाशी काय म्हनत हुता?"

"आज्याला सांगत हुतो," आबा म्हणाले. "जलमभर पाठ करून बसला बिचारा, त्याला बघायला मिळालंच न्हाई. म्हनलं, आज्या, मी आत जाऊन आलो. काय न्हाई तिथं. कडबा हाय."