बेचाळिसावं भाकीत

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात पद्मिनी मोघे यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. त्या ज्या ड्रायव्हरचं नाव घेतात, तो जिंकत नाही.

मंडळाच्या ‘त्रिकोण’ मासिकात सात वर्षं त्या मोटारशर्यतींवर सदर लिहीत होत्या. शर्यत व्हायच्या आधी ती कशी होईल ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत विजेत्याचं नाव टाकायचं. एकेचाळीस शर्यती झाल्या आणि एकेचाळीस नावं चुकली. कुणी भिंतीवर आपटला, कुणाचं इंजिन बसलं, एकाला तर पोट बिघडल्यामुळे गाडीत बसताच आलं नाही. हृदयरोगांचे निवृत्त डॉक्टर चारुदत्त पाठारे मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना जेवणाच्या रांगेत गाठायचे आणि हळूच म्हणायचे, “पद्मिनीताई, तो पोरगा माझा फेव्हरिट आहे. यंदा तेवढं त्याला सोडा.”

पद्मिनीबाई रागवत नसत. “डॉक्टर, शेवटची ओळ वाचकांसाठी असते,” त्या सांगायच्या. “वरचं पान माझं असतं. तिथे काय चुकलं ते दाखवा.”

आणि खरंच, वरच्या पानात फारसं काही चुकत नसे. फक्त ते पान वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

रबराचं वेड त्यांना माहेराहून मिळालं होतं. कराडला हायवेच्या कडेला वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. उसाचे ट्रक तिथे रांगेने उभे असायचे आणि शाळेतून आलेली पद्मिनी झिजलेल्या टायरांवर तळहात फिरवून सांगायची, “बाबा, हा ड्रायव्हर ब्रेक फार मारतो. आणि याच्या गाडीत माल डावीकडे जास्त भरतात.” ट्रकवाले चकित व्हायचे, वडील गालातल्या गालात हसायचे. पुढे तिने मुंबईत रबराचं शिक्षण घेतलं, विनय मोघे नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरशी लग्न केलं आणि दोघं ओहायोत आली. तिथल्या एका टायर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने अठ्ठावीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत रबराच्या वासावरून त्यात काजळी किती पडली आहे ते सांगण्याइतकी ती तयार झाली.

एकोणनव्वद साली कारखान्याने तिला टायरांच्या चाचणीसाठी नॉर्थ कॅरोलिनात पाठवलं, पाइन होलो नावाच्या जुन्या रेसट्रॅकवर. दीड मैलाचा तो लंबगोल रस्ता पन्नासच्या दशकात बांधलेला, वळणांवर भिंतीसारखा चढलेला. बांधताना डांबरात तिथलीच वाळू कालवली होती. पहिली गाडी समोरून गेली तेव्हा पद्मिनीला वाटलं, आवाज कानातून न येता छातीच्या पिंजऱ्यातून येतोय. अठरा फेऱ्यांनी गाडी आत आली आणि तिने टायरला हात लावला. नव्या टायरचं सालच निघालं होतं. तिने वडिलांना सहा पानी पत्र लिहिलं. वडिलांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं: “असा रस्ता कराडजवळ होत असेल तर कळव. दुकानावर दुसरा मजला चढवतो.”

तेव्हापासून ती शर्यतींची झाली. विनयना मात्र त्या आवाजाने डोकं उठायचं. तरी ते प्रत्येक शर्यतीला बायकोला सोबत करायचे आणि कानांवर जाड हेडफोन चढवून, डोळे मिटून नाट्यसंगीत ऐकत बसायचे. आजूबाजूच्या प्रेक्षकांना वाटायचं, हा माणूस गाड्यांच्या आवाजात तल्लीन झालाय.

निवृत्तीनंतर दोघं कॅरीत आली, तोवर पाइन होलो बंद पडला होता. चौदा वर्षं तिथे गवत वाढलं. यंदा वसंतात तो पुन्हा उघडणार असं कळलं आणि पद्मिनीबाईंनी ‘त्रिकोण’साठी असा काही लेख लिहिला की संपादक हिमानीने तो दोनदा वाचला. हिमानी मूळची नागपूरची, रिसर्च ट्रँगल पार्कात औषधांच्या कंपनीत नोकरीला. शर्यतीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

“मावशी, हे मस्त झालंय यार,” तिने फोन केला. “तुम्ही त्या ट्रॅकला दळायचं जातं म्हटलंय ना, ते तर एकदम भारी. मी याचं इंग्लिश करून वेबसाइटवर टाकू का? मुलंसुद्धा वाचतील.”

“टाक. पण शेवटची ओळ गाळलीस तरी चालेल.”

हिमानीने ओळ गाळली नाही. उलट खाली टीप जोडली की लेखिकेची याआधीची एकेचाळीस भाकितं चुकली आहेत. गमतीत केलं तिने ते.

मुलांनी लेख वाचला की नाही, देव जाणे. पाइन होलोच्या गावात एक छोटं रेडिओ स्टेशन होतं, तिथल्या डेल पर्विसने मात्र वाचला. कुठेही मोठी शर्यत असली की आदल्या सकाळी त्याचा तासाभराचा कार्यक्रम असे, आणि त्यात नेहमी बोलणाऱ्या जाणकाराच्या गुडघ्याचं नेमकं त्याच आठवड्यात ऑपरेशन निघालं. डेलने पद्मिनीबाईंचा नंबर शोधून काढला. “मिस पद्मिनी,” तो दक्षिणेकडच्या लांबवलेल्या सुरात म्हणाला, “मी या ट्रॅकशेजारी जन्मलो. पण त्याच्याबद्दल इतकं खरं मी कुठे वाचलं नव्हतं. शनिवारी याल का?”

पद्मिनीबाई शनिवारची वाट बघत घरी बसणाऱ्या नव्हत्या. शुक्रवारी संध्याकाळी लोकांना ट्रॅकवर पायी फिरायला सोडणार होते. त्या विनयना घेऊन दोन तास गाडी हाकत तिथे पोचल्या. लोक फोटो काढत होते, मुलं उतारावरून धावत होती आणि अडुसष्ट वर्षांच्या पद्मिनीबाई तिसऱ्या वळणावर गुडघे टेकून शाळकरी खोडरबर डांबरावर घासत होत्या. दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे, मग चार पावलं वर जाऊन दुसरं खोडरबर.

“तुमचं काही हरवलंय का?” एका पहारेकऱ्याने विचारलं.

“तिचं काही हरवलेलं नाही,” विनय म्हणाले. “ती पहिल्यापासून अशीच आहे.”

त्या वळणाचा खालचा भाग उखडला होता, तो नुकताच दुरुस्त केला होता. नव्या डांबरातल्या ताज्या, धारदार वाळूने खोडरबर अर्धं खाल्लं. वर, भिंतीलगत, जुनं डांबर होतं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. तिथे खोडरबर जेमतेम झिजलं. दोन्ही तुकडे त्यांनी रुमालात बांधून पर्समध्ये टाकले.

शनिवारी दहा वाजता ट्रॅकच्या दाराशी तंबूत कार्यक्रम सुरू झाला. टेबलावर दोन माइक आणि उकडलेल्या शेंगांचं मोठं भांडं होतं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या त्या शेंगा बघून पद्मिनीबाईंना माहेरी आल्यासारखं झालं. त्या एकीकडे शेंगा सोलत होत्या आणि एकीकडे बोलत होत्या.

“उद्या काय होणार, मिस पद्मिनी?”

“पहिल्या वीस फेऱ्यांत जो सगळ्यांत जोरात पळेल, तो पन्नासाव्या फेरीला मागे शोधावा लागेल. आमच्याकडे जातं असतं, दगडाचं. त्यात टाकलेला दाणा मऊ असो की कडक, त्याचं पीठ होतंच. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, एवढाच प्रश्न. उद्या ज्याचं पीठ सगळ्यांत शेवटी होईल, तो जिंकेल.”

“आणि तो कोण?”

“वेड टिलमन. एकोणिसाव्या जागेवरून सुटेल. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, म्हणून लोक हसतील. पण वळणात शिरताना तो ॲक्सिलरेटरवरचा पाय सगळ्यांच्या आधी उचलतो. त्याचे टायर पाच फेऱ्या जास्त जगतात.”

डेल खूश झाला. कार्यक्रमात आणखी रंग भरावा म्हणून त्याने विचारलं, “आजवर तुमची किती नावं बरोबर आलीत?”

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “एकही नाही. एकेचाळिसांपैकी.”

टीप डेलने वाचलेली होती, पण ती खरी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने घाईघाईने गाणं लावलं.

वीस मिनिटांनी, गाणी चालू असताना, एक जाडजूड माणूस टोपी हातात घेऊन तंबूत आला. हा अर्ल, वेड टिलमनच्या गाडीचा मुख्य मेकॅनिक. तो टेबलाशी आला, शेंगांची टरफलं बघितली आणि दोन पावलं मागे सरला. रेसमधली जुनी माणसं शेंगांची टरफलं अपशकुनी मानतात.

“मॅडम,” तो लांबूनच म्हणाला, “एक विनंती आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्याल का?”

“का बरं?”

“आमची टीम लहान आहे, अकरा माणसांची. वेडचं हे शेवटचं वर्ष. नाश्ता करताना त्याने तुमचं बोलणं ऐकलं. एकेचाळीस आकडा ऐकल्यावर त्याने चमचा खाली ठेवला, तो अजून उचललेला नाही.”

पद्मिनीबाईंना हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. मंडळातली चेष्टा वेगळी. इथे एक खराखुरा माणूस उपाशी बसला होता.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “नाव मी हवेतून काढलेलं नाही. तुम्ही म्हणता म्हणून बदललं, तर टायरांबद्दल बोलले ते सगळं खोटं होईल. नाव बदलणार नाही. पण काल मला काय दिसलं ते दाखवते.” त्यांनी रुमाल सोडून दोन्ही खोडरबरं टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या वळणाची गोष्ट सांगितली. सगळे खालून, जवळच्या वाटेने जाणार. त्याने भिंतीलगत, वरून जावं. वाट लांबची, पण तिथे टायर टिकेल.

अर्लने शेंगांची भीती विसरून खोडरबर उचललं, नखाने दाबून पाहिलं. “हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“अजून नाही. आता सांगणार आहे.” त्यांनी डेलकडे बघितलं. “गाणं संपलं की मला एक मिनिट द्या.”

“मॅडम, हे आपल्यातच ठेवलं तर?” अर्ल काकुळतीला आला.

“मी इथे शर्यतीबद्दल सांगायला आलेय. जे ऐकतात त्या सगळ्यांना सांगायला. तुम्ही आधी येऊन विचारलंत, म्हणून दोन मिनिटं आधी कळलं.”

आणि त्यांनी सांगितलं. अर्ल टोपी घालून निघून गेला. जाताना तो काय पुटपुटला ते डेलला ऐकू आलं, पण त्याने ते पद्मिनीबाईंना सांगितलं नाही.

रविवारी दुपारी दोनला शर्यत सुटली. पहिल्या जागेवरून सुटलेल्या निळ्या गाडीने वीस फेऱ्या सगळ्यांना धूळ चारली. एकेचाळिसाव्या फेरीला तिचा टायर फाटला. पुढचे एकेक करून नवे टायर घालायला आत येऊ लागले, परत गेले, परत आले. वेड टिलमन मात्र तिसऱ्या वळणात एकटाच भिंतीला खेटून जात होता. एकोणिसावा होता तो बारावा झाला, मग सातवा. शंभराव्या फेरीपर्यंत तो पहिला आला आणि पद्मिनीबाई बाकावर उभ्या राहिल्या.

“विनय, बघ.”

विनयनी डोळे उघडले, एक हेडफोन बाजूला केला. “जिंकतोय?”

“अजून शंभर फेऱ्या आहेत.”

एकशे तिसाव्या फेरीच्या सुमाराला आणखी एक गाडी तिसऱ्या वळणात वरून जायला लागली. कोल हॅचर, वय बावीस. नंतर कळलं की त्याचे सासरे न चुकता डेलचा कार्यक्रम ऐकतात आणि त्यांनी शनिवारीच जावयाला फोन लावला होता. जावयाने आधी मनावर घेतलं नाही. टायरांचे दोन संच खलास झाल्यावर घेतलं.

शेवटच्या दहा फेऱ्या दोघं एकामागे एक, भिंतीपासून हातभर अंतरावर. शेवटच्या फेरीत हॅचर खालून घुसला, ताजे टायर पणाला लावून, आणि बॉनेटभर पुढे निघाला. वेड दुसरा आला.

पद्मिनीबाई खाली बसल्या. बेचाळीस.

शर्यतीनंतर त्या डेलचा निरोप घ्यायला गेल्या. अर्ल आणि त्याच्यासोबत घामाने निथळलेला वेड टिलमन डेलच्या तंबूकडे येताना दिसले, तेव्हा पद्मिनीबाईंनी मनात माफीची वाक्यं जुळवायला घेतली. ती जुळायच्या आत वेडने हात पुढे केला. काळजी होती ती कुठल्या कुठे गेलेली, चेहरा लहान मुलासारखा दिसत होता.

“सहा वर्षांत दुसरा आलो नव्हतो, मॅडम. पहिल्या दहातसुद्धा नाही.”

“तुम्ही साऱ्या गावाला सांगितलं नसतं तर पहिले आलो असतो,” अर्ल म्हणाला.

“कदाचित,” पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांना हे नाकारता येईना.

वेडने त्यांच्याकडून ती दोन्ही खोडरबरं मागून घेतली. “आणि शरद ऋतूतल्या शर्यतीलाही माझंच नाव घ्या,” तो म्हणाला. “दुसरा नंबर चालतो मला.”

गवताच्या मैदानातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात डॉक्टर पाठाऱ्यांचा फोन येऊन गेला. त्यांनी टीव्हीवर सगळं बघितलं होतं, आणि पहिल्यांदाच वरचं पान नीट वाचलं होतं. बराच वेळ ते तिसऱ्या वळणाबद्दल प्रश्न विचारत राहिले. आकड्याचा विषय त्यांनी काढला नाही.

गाडी हायवेला लागल्यावर विनय म्हणाले, “अर्लचं म्हणणं बरोबर आहे. रेडिओवर सांगायची खरंच गरज होती का?”

पद्मिनीबाईंनी खोडरबरांचा रिकामा रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“होती,” त्या म्हणाल्या. मग आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण जरा हळू आवाजात सांगायला हवं होतं.”