न चालवलेली बस

चॅम्पियनशिपचा विषय निघाला की शेजारपाजारचे चाहते ड्रायव्हरकाकांच्या घरी गोळा होतात. शेवटच्या मिनिटाचा गोल सगळ्यांनाच तोंडपाठ आहे, पण विजयी संघाची बस काकांच्या हातात होती.

"काका, चढावर काय झालं ते सांगा ना!"

कप घेऊन संघ परतला, तेव्हा रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खेळाडू टपावर नाचत होते. कुणाच्या पायावरून चाक जाईल या धास्तीनं काकांना घाम फुटला. स्टेडियमच्या चढाखाली त्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि ओरडून सांगितलं, "आता माझ्याच्यानं होणार नाही!"

खालून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही ब्रेक तेवढा सोडा."

"आणि मागं घसरली तर?"

"आम्ही आहोत ना!"

पुढच्यांनी हातात हात घालून वाट केली, मागच्यांनी खांदे लावले. काकांनी जीव मुठीत धरून ब्रेक सोडला. बस जागच्या जागी थरथरली आणि मग हळूहळू वर सरकू लागली. एवढं लोखंड, वर अख्खा संघ, आणि इंजिनाचा आवाज नाही. ऐकू येत होती ती फक्त पावलं. काकांनी आरशात पाहिलं, तर हरलेल्या संघाचे शर्ट घातलेली माणसंही दात आवळून बस रेटत होती.

"जन्मभर गाडी चालवली," काकू हसून म्हणतात, "आणि नाव झालं ते न चालवल्याचं!"

"खरंय," काका म्हणतात. "वर पोचल्यावर मला सीटवरून उठताच येईना. कप्तानानं हात धरला, तेव्हा कुठं उतरलो."