आबांची जित्राबं

कोरेगावचे आबा रोज सकाळी मैलापाण्याच्या टाकीवर वाकून वास घ्यायचे. सांगलीच्या मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावर ते टाकी चालवायचे, मी झाडलोट करायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतोय.

टाकीतल्या जंतूंना ते जित्राबं म्हणत, गोठ्यातल्या गुरांना म्हणावं तसं. एक जात मैल्यातला अमोनिया खाते, दुसरी उरलेलं हवेत सोडते, म्हणून नदीतला मासा जगतो, हे मला त्यांनीच शिकवलं. हवेचा पंप थांबला की भाकरी टाकून पळायचे. "मुकी हायेत आक्का, वरडत न्हाईत. आपुनच बगाया पायजे."

एका सकाळी टाकीचा ओल्या मातीसारखा वास गेला. तपासणीच्या बाटलीतलं पाणी पिवळंजर्द झालं, म्हणजे अमोनिया तसाच राहिला होता. आबांनी साहेबांना फोन केला, "माजी समदी जित्राबं मेली." साहेब टाकीकडे कधी फिरकत नसत. त्यांना वाटलं, म्हशी गेल्या. हळहळून दोन दिवसांची रजा दिली. मी पदराआड हसले. आबा म्हणाले, "रजा नगं साहेब. कुनी गटारात औषधं वतली ते हुडका."

गटाराचं पाणी केंद्रात येतं तिथल्या जाळीत अडकलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या मीच काढल्या होत्या. जंतू मारायचीच औषधं, मुदत संपलेली. गटाराची झाकणं उघडत आबा एका खासगी दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत पोचले. तिथं तसल्याच बाटल्यांची खोकी पडली होती.

दवाखाना बड्या माणसाचा. साहेब म्हणाले, वहीत पाणी ठीक आहे असं लिहा. आबांनी खरं तेच लिहिलं: अमोनिया जास्त, कारण दवाखान्याची औषधं. मग साहेबांनी दुसरं पान लिहून माझ्यापुढे धरलं, साक्षीला अंगठा दे म्हणाले.

"चौथी शिकलीया मी. वाचून सही करते," मी म्हटलं. वाचलं आणि सही केली नाही.

आठ दिवसांत आबांची फलटणला बदली झाली. जाण्याआधी त्यांनी साताऱ्याकडच्या टाकीतला गाळ टँकरने आणून आमच्या टाकीत सोडला. विरजण म्हणायचे त्याला. जित्राबं सावकाश वाढली. मातीचा वास परत आला तेव्हा मी फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "माजं पान हाय का वहीत?"

"फाडलं साहेबानं. पर त्याच्या आदीच मी उतरून घेतलंया."

"शुद्धलेखन बरं हाय न्हवं?" म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

आबा आता नाहीत. तो कागद आणि जाळीतल्या चार बाटल्या माझ्या ट्रंकेत आहेत. विचारायला अजून कुणी आलेलं नाही. येऊ दे. मी घरीच असते.